नाशिकातून काही उत्तम निघू शकते काय?

शास्त्रपाठ : योहान १:४३-५१, १ शमुवेल १६:१-१३, प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१



नथनेल हा कपटी मनुष्य नव्हता. खुद्द प्रभूनेच त्याच्याविषयी तशी साक्ष दिली आहे. तरी फिलिप्पाने त्यास नासरेथकर येशूचे वर्तमान सांगितले, तेव्हा गावाचे नाव कानी पडताच त्याचे मन मागे सरले. तसल्या गावातून काही उत्तम निघावयाचे नाही, असे त्याने माणूस पाहण्यापूर्वीच ठरवून टाकले. नथनेलाचा गाव काना. तो गालीलातलाच, नासरेथाच्या शेजारचा. शेजारच्या गावाविषयी मनुष्य कसकशी मते बाळगून असतो, हे आपणा खेड्यात राहणाऱ्यांस कोणी सांगावयास नको.

आता विचार करा. ज्याच्या ठायी कपट नव्हते त्याची ही गोष्ट, तर आमची तुमची काय कथा? दुसऱ्याविषयी वाईट मत दुष्टाच्याच मनात चटकन उभे राहते असे नाही. ते सज्जनाच्या मनातही उभे राहते, आणि पुष्कळदा तेथे अधिक काळ टिकते. कारण सज्जनास आपल्या मताचा संशय येत नाही. आपण कोणाचा द्वेष करीत नाही, तेव्हा आपला निवाडा खराच असला पाहिजे, असे त्यास वाटते.

ह्याच विषयाची एक खरी हकीकत आमच्या नाशिकास लागून आहे. ती पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून येथे थोडी विस्ताराने सांगतो.

नाशिक शहरात शरणपूर रस्ता आहे. ज्या वसाहतीवरून त्यास ते नाव मिळाले ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसविली. तेथे आफ्रिकेतील मुलांसाठी एक आश्रम होता. गुलामांचा व्यापार करणारे लोक त्या मुलांस त्यांच्या गावांतून धरून गलबतांत भरून नेत. इंग्रजी आरमार समुद्रात ती गलबते अडवून मुलांची सुटका करी. आणि त्यांपैकी कित्येक मुंबईहून नाशिकास येत. येथे ती लिहावाचावयास शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची मूळची नावे बहुधा मागे पडून त्यांस इंग्रजी नावे मिळाली. परदेशात, परक्या भाषेत, परक्या नावाने ती वाढली.

१८६५ साली आफ्रिकेचे प्रसिद्ध प्रवासी व मिशनरी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन हे मुंबई इलाख्यात आले, तेव्हा ते नाशिकासही आले. आफ्रिकेच्या अंतर्भागात जाण्यासाठी त्यांस सोबती हवे होते, आणि शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघाले. १८६६ साली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जी टोळी उतरली तीत मुंबईकडचे तेरा शिपाई, जोहाना बेटाचे दहा लोक, नाशिकचे हे नऊ, आणि लिव्हिंगस्टन ह्यांच्याजवळ आधीपासून असलेले चौघे होते. सुसी व चुमा हे ह्या चौघांपैकी; ते शरणपूरचे नव्हत.

आरंभ फार वाईट झाला. शिपाई रेंगाळत, जनावरांस छळीत, ओझी टाकीत. नाशिकच्या तरुणांनी त्यांचाच कित्ता गिरविला. लिव्हिंगस्टन ह्यांनी आपल्या रोजनिशीत शिपायांविषयी तक्रारी लिहिल्या, तशा नाशिककरांविषयीही लिहिल्या. त्यांचा आळस, त्यांचे मागे पडणे, त्यांचा बेजबाबदारपणा ह्यांस ते कंटाळले. हे तरुण कसले आणि त्यांस मिळालेले शिक्षण कसले, असे त्या दिवसांत कोणी म्हटले असते, तर त्यास पुरावा तयार होता. आणि खरे सांगावयाचे तर तो पुरावा अगदीच खोटाही नव्हता. ते तरुण त्या वेळी खरोखरच वाईट वागत होते.

परंतु ते कोण होते? लहानपणी ज्या वाटांनी त्यांस दोरांनी बांधून नेले, त्याच मुलखात ते पुन्हा पाऊल ठेवीत होते. त्यांच्यापैकी एकास मार्गात त्याचा चुलता भेटला. चुलत्याने त्यास ओळखले आणि आपल्यापाशी राहा म्हणून आग्रह केला. पण त्याची आई आणि बहिणी विकल्या गेल्या होत्या. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहून काय करू, अशा अर्थाचे बोलून तो तरुण पुढे निघाला. असल्या माणसाचे पाय मार्गात जड झाले, तर त्यास केवळ आळस म्हणावे काय? रोजनिशीत आळस दिसला. त्या मनात काय चालले होते ते दिसले नाही.

पुढे काय झाले ते पाहा. जुलै १८६६ मध्ये शिपायांस परत पाठविण्यात आले. सप्टेंबरात जोहानाचे लोक पळाले आणि झांजीबारास जाऊन लिव्हिंगस्टन मारले गेले अशी खोटी बातमी त्यांनी पसरविली. नाशिकचे जे तरुण त्या वेळी बरोबर होते ते मात्र राहिले. सगळेच शेवटपर्यंत टिकले असे आम्ही म्हणत नाही. कोणी मेला, कोणी मागे राहिला, कोणी सोडून गेला. १८६८ साली तर लिव्हिंगस्टन ह्यांच्या बहुतेक सोबत्यांनी पुढे येण्याचे नाकारले. पण त्याच वर्षी ते परत आले, तेव्हा त्यांनी त्यांस पुन्हा ठेवून घेतले. रोजनिशीत त्यांनी असा विचार लिहिला आहे, की ही माणसे चालून चालून थकली होती, तसा मीही थकलो आहे; आणि माझ्यातही उणेपणा आहेच. प्रियहो, निवाडा कसा बदलतो ते ह्यात दिसते. ज्यास स्वतःचा थकवा आठवला, त्यास दुसऱ्याचा थकवा दिसू लागला.

१८७२ साली नाशिकच्या शाळेत शिकलेले आणखी काही तरुण त्यांच्याकडे गेले. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंगस्टन मरण पावले. सकाळी ते बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत आढळले. आता त्या माणसांस कोणी धनी उरला नव्हता, कोणी विचारणारा नव्हता, आणि पगार देणाराही नव्हता. सामान वाटून घेऊन ते निघून गेले असते, तर त्यांस कोणी शोधले नसते.

त्यांनी तसे केले नाही. त्यांनी धन्याचे काळीज एका झाडाखाली पुरले. जेकब वेनराइट ह्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. सामानाची यादी त्यानेच लिहून ठेविली. मग सर्वांनी देह उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला आणि किनाऱ्याची वाट धरली. वाट हजार मैलांहून अधिक होती. मार्गावरील लोक प्रेताची भीती बाळगीत. एका ठिकाणी तर आपण प्रेत पुरावयास परत पाठविले असे भासवून त्यांनी ते कापडाच्या गाठोड्याप्रमाणे बांधले व पुढे नेले. वाटेत कॅमरन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. येथेच पुरून टाका, असा सल्ला त्याने दिला. तोही त्यांनी मानला नाही. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते समुद्रकिनाऱ्यास पोचले. १८६६ साली निघालेल्या मूळ सोबत्यांपैकी तेव्हा अवघे पाच उरले होते, आणि त्यांत नाशिकचेही होते.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठात लिव्हिंगस्टन ह्यांचा दफनविधी झाला. शवपेटीबरोबर मानाने चालणाऱ्या आठ जणांत एक कृष्णवर्ण तरुण होता. तो जेकब वेनराइट, शरणपूरच्या शाळेचा विद्यार्थी. मॅथ्यू वेलिंग्टन पुढे मोंबासा येथे राहिला व १९३५ साली वारला.

नाशिकातून काही उत्तम निघू शकते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर १८६६ साली एक होते आणि १८७४ साली दुसरे होते. पहिल्या तीन महिन्यांवरच निवाडा संपला असता, शिपायांबरोबर त्या सर्वांस हाकून दिले असते, आणि त्या शाळेतून पुन्हा कोणी घ्यावयाचा नाही असे ठरले असते, तर त्या झाडाखाली प्रार्थना कोणी वाचली असती?

आता आपणाकडे वळू. पहिले वाईट मत इतके बळकट का असते? आमच्या समजुतीप्रमाणे त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की जे आधी कळते ते मागून येणाऱ्यास आपला रंग देते. १९४६ साली सॉलोमन ॲश ह्या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने ह्याविषयी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांस त्याने एका अपरिचित माणसाचे वर्णन वाचून दाखविले : हुशार, उद्योगी, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या काही लोकांस हेच सहा शब्द उलट्या क्रमाने वाचून दाखविले. ज्यांनी चांगले शब्द आधी ऐकले त्यांस तो मनुष्य कर्तबगार, पण थोडे दोष असलेला वाटला. ज्यांनी मत्सरी हा शब्द आधी ऐकला त्यांस तो वाईट वाटला, आणि त्याची हुशारीही त्याच्या दोषांखाली झाकली गेली. शब्द तेच, मनुष्य तोच. केवळ दार वेगळे उघडले.

दुसरे कारण असे, की शितावरून भाताची परीक्षा करावी ही म्हण आपण माणसासही लावतो. ती म्हण भातास योग्य आहे, कारण सगळी शिते एकाच हंडीत, एकाच आचेवर शिजतात. मनुष्य तसा नाही. ज्या दिवशी तुम्ही त्यास पाहिले त्या दिवशी त्याच्या घरी आजारी मूल असेल, सावकाराचा माणूस दारी येऊन गेला असेल, किंवा तो उपाशी असेल. ते एक शीत कच्चे निघाले म्हणून सगळी हंडी उकिरड्यावर ओतणे हा शहाणपणा नव्हे.

तिसरे कारण सर्वांत घातक आहे. ज्याच्याविषयी आपले मत चांगले होते, त्याच्याकडे आपण पुन्हा पुन्हा जातो. म्हणून ते मत चुकीचे असले तर लवकर उघडे पडते. परंतु ज्याच्याविषयी मत वाईट होते, त्याचे दार आपण टाळतो. मग चूक उघडी पडावी कशी? खोटे चांगले मत एका महिन्यात मरते. खोटे वाईट मत आपल्याबरोबर थडग्यापर्यंत येते, कारण त्याची तपासणी करावयास आपण कधी जातच नाही. ह्यावर नेमका उपाय फिलिप्पाने केला. त्याने नथनेलाशी नासरेथाविषयी वाद घातला नाही. त्याने त्यास येऊन स्वतः पाहावयास सांगितले. आणि नथनेल गेला, हीच त्याची निष्कपटता. मत वाईट असूनही तो पाहावयास उठला.

ह्या बाबतीत आमचेही हात स्वच्छ नाहीत, हे येथे कबूल केले पाहिजे. पुष्कळ वर्षांमागे निफाड तालुक्यातील एका गावी आमच्याकडे मंडळीचे काम होते. एक मनुष्य दर रविवारी उशिरा येई, दारापाशी बसे, आणि दानाची थाळी फिरण्यापूर्वी उठून जाई. पहिल्या दोन रविवारीच आम्ही मनात लिहून टाकले, की हा कंजूष आहे आणि भक्तीत ह्याचे मन नाही. उपदेशात दानाचा विषय निघाला म्हणजे आमची दृष्टी दाराकडे जाई. हे त्यास समजले असेलच, कारण गरिबास दुसऱ्याची नजर लवकर वाचता येते.

असे वर्षभर चालले. पुढे मंडळीतील एक म्हातारी विधवा आजारी पडली, म्हणून आम्ही तिच्या झोपडीत गेलो. कोपऱ्यात बाजरीचे लहानसे गाठोडे होते. विचारता ती म्हणाली, “पाळकबाबा, दर आठवड्याला तो देऊन जातो. कुणास सांगू नका म्हणतो.” तो म्हणजे तोच, दारापाशी बसणारा. तो एका बागाइतदाराकडे सालदार होता. पाटाच्या पाण्याची पाळी रविवारी येई, आणि सकाळी पाणी धरून, मधला तासभर मागून घेऊन, तो उपासनेस धावत येई व धावत परत जाई. चिखलाच्या पायांनी पुढे येऊन बसावयास त्यास लाज वाटे. आम्ही त्यास वर्षभर ओळखीत होतो, आणि त्याचे पाय आम्ही एकदाही पाहिले नव्हते.

आम्ही त्याच्याकडे गेलो व क्षमा मागितली. तो ओशाळून म्हणाला, “असू द्या बाबा, माझंच चुकलं, मीच सांगायला पाहिजे होतं.” त्याच्या ह्या शब्दांनी आम्हांस अधिकच वाईट वाटले. अपराध आमचा आणि क्षमा मागावयास तो तयार. तो मंडळी सोडून गेला नाही ही देवाची दया. परंतु आमच्या नजरेमुळे दुसरे किती जण दारापासूनच परत गेले, ह्याचा हिशेब आमच्यापाशी नाही. तो हिशेब एके दिवशी आमच्यापुढे ठेविला जाईल, हे आम्ही जाणून आहो.

शास्त्रात पाहता मोठमोठ्या भक्तांसही हा धडा शिकावा लागला आहे. शमुवेलाने इशायाच्या घरी अलियाबास पाहिले, आणि त्याच्या उंचीवरून हाच राजा असे त्यास वाटले. देवाने त्यास थांबविले. मनुष्य बाहेरचे रूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो, हे त्यास शिकविले. दावीद तर त्या वेळी घरातही नव्हता. तो मेंढरांमागे होता, आणि त्यास बोलवावे असे बापासही सुचले नव्हते.

पौलाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. तो यरुशलेमात आला तेव्हा शिष्य त्यास भ्याले. त्यांची भीती निराधार नव्हती. त्याने मंडळीचा छळ केलाच होता. बर्णबाने त्यास हाती धरून प्रेषितांकडे नेले नसते, तर तो दारातच राहिला असता. पुढे तोच पौल मार्क योहानाविषयी कठोर झाला. पंफुलियातून मार्क परत फिरला होता, म्हणून त्यास पुन्हा बरोबर नेऊ नये असे पौलाचे मत पडले, आणि त्यावरून तो बर्णबापासून वेगळा झाला. ज्यास स्वतःस दुसरी संधी मिळाली होती, त्यासच ती दुसऱ्यास देणे जड गेले! परंतु बर्णबाने मार्काचा हात सोडला नाही. आणि वृद्धपणी, बंदिवासात, पौलाने तीमथ्यास लिहिले की मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठी माझ्या उपयोगाचा आहे. पौलाचे हे मत बदलणे आम्हांस त्याच्या मोठ्या प्रवासांइतकेच थोर वाटते. आपले पहिले मत चुकले असे लिहून पाठविणे सोपे नसते.

आता आमच्या उपदेशक बंधूंस काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो.

तुमची बदली होऊन तुम्ही नव्या गावी जाता, तेव्हा जाणारा उपदेशक तुम्हांस चाव्या व वह्या देतो, आणि त्यांबरोबर आपली मतेही देतो. अमक्या घराकडे जपून राहा, तमका भांडखोर आहे, तमकी बाई तोंडाळ आहे. चाव्या घ्या, वह्या घ्या; मते मात्र बाजूस ठेवा. नाही तर एका माणसाचे पहिले मत तीन उपदेशकांच्या हातून वारसा म्हणून चालत राहते, आणि ज्याच्याविषयी ते आहे तो बिचारा तेवढ्या काळात बदललेलाही असतो. त्या घरी तुम्ही सर्वांत आधी जा.

ज्याचे वागणे तुम्हांस खटकले, त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. तो केव्हा उठतो, कोणाच्या शेतावर जातो, घरी खाणारी तोंडे किती, हे कळल्यावाचून त्याच्या भक्तीविषयी बोलू नका. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलाच्या हातावर छडी मारण्यापूर्वी, सकाळी त्याने किती घागरी पाणी आणिले ते विचारा.

पंचायतीत कोणाचा न्याय करावयाचा असेल, तर त्याच्या दोषांपूर्वी त्याचे गुण सांगण्यास एखाद्यास सांगा. आधी ऐकलेले अधिक धरले जाते हे वर आलेच आहे. तर चांगलेच आधी ऐकू या. आणि तुमचे मत चुकले असे कळले, तर ते मनातच दुरुस्त करू नका. ज्यांच्यापुढे वाईट बोललात त्यांच्यापुढेच चांगले बोला.

येथे कोणी म्हणेल, मग आम्ही आंधळे व्हावे काय? लांडगे मेंढरांच्या वेषात येतात, हे प्रभूनेच सांगितले नाही काय? सांगितले आहे, पण त्यांस फळांवरून ओळखावे असेही सांगितले आहे, आणि फळास ऋतू लागतो. मंडळीचा पैसा व मुलेबाळे अपरिचिताच्या हाती एकदम देऊ नयेत; ही सावधगिरी आहे, निवाडा नव्हे. ज्याने बायकोस मारले किंवा कोणाचे धान्य चोरले, त्याचे कृत्य कृत्य म्हणूनच धरावे, आणि जिच्यावर मार पडला तिचा कैवार आधी घ्यावा. आम्ही सांगतो ते इतकेच, की एका दिवसाच्या तोंडओळखीस फळ म्हणू नका. आंब्याच्या कलमास पहिल्या वर्षी मोहोर आला नाही म्हणून त्यावर कुऱ्हाड घालणारा माळी कोणी पाहिला आहे काय?

बंधुभगिनींनो, शेवटी आपण स्वतःकडे पाहू. आपल्यापैकी पुष्कळांविषयी गावाचे पहिले मत काय होते? कोणास वेशीबाहेर ठेवले होते, कोणास दारू पिणारा म्हणत, कोणाच्या बापाचे नाव तोंडी घेत नसत. मग कोणी तरी आपल्या दारी आला, बसला, पाणी प्याला, आणि आपले बोलणे पुरते ऐकून घेतले. आपण आज येथे आहो ते त्यामुळे. प्रभूनेही आपल्याविषयी पहिल्या दिवसावरून मत केले नाही.

येत्या रविवारी उपासनेस जाताना एक नाव मनात घेऊन जा. ज्यास तुम्ही टाळता, त्याचे नाव. उपासना झाली म्हणजे त्याच्या घरी जा. फार बोलू नका. घटकाभर बसा आणि पाहा. कदाचित तुमचे मत खरे ठरेल, तरी एका माणसास एक पाहुणा मिळेल. कदाचित ते खोटे ठरेल, आणि मग तुम्हांस एक भाऊ मिळेल.

हे प्रभो, नासरेथकरा, तुझ्या गावाचे नाव ऐकून लोकांनी तुझा अव्हेर केला, तरी तू त्यांचा अव्हेर केला नाहीस. आमची नजर शुद्ध कर. आमेन.